गुडघ्याला सुट्टी, बाकीच्या शरीराला नाही

शारीरिक शिक्षणाच्या इतिहासावर पीएचडी करतेय असं सांगितलं की लोणखेड्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग आमच्या पोराच्या गुडघ्याचं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. पोलीस भरतीसाठी मुलं डांबरी रस्त्यावर पहाटे धावतात आणि गुडघा धरला की सल्ले दोनच मिळतात. एक, "सहन कर, धाव." दुसरा, "महिनाभर पडून राहा." दुसरा सल्ला शहाणपणाचा वाटतो ना? तो आला कुठून आणि मागे का पडला, ते आज बघू.

लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं 1863 मध्ये पुस्तकरूपात आली. दुखरा भाग हलवायचा नाही, हा त्यांचा आग्रह. तेव्हा एक्स-रे नव्हता, प्रतिजैविकं नव्हती. त्यामुळे तो आग्रह चुकीचा म्हणता येत नाही. पण पुढे विश्रांती हाच उपचार अशी सवय डॉक्टरांना लागली.

ती सवय मोडायला दुसरं महायुद्ध कारण ठरलं. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात पायाला, गुडघ्याला दुखापत झालेले सैनिक महिनोन्‌महिने अडकून पडले होते. डॉ. थॉमस डिलॉर्म यांना स्वतःला वजनं उचलायचा नाद. त्यांनी सैनिकांच्या पायात लोखंडी बूट बांधले, त्यांना वजन लावलं आणि ते हळूहळू वाढवत नेलं. मांडीचे स्नायू भरून येऊ लागले. 1945 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज जिममध्ये आपण दहा-दहाचे तीन सेट मारतो ना, ती पद्धत त्यांच्याच कामातून आली.

पडून राहण्याची किंमत किती, हे मोजलं गेलं 1966 मध्ये, अमेरिकेतल्या डॅलसला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या भाषेत दम, साधारण चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढा दम गेला नव्हता, तेवढा त्या तीन आठवड्यांत गेला होता!

आता धावपटूंकडे येऊ. 1984 मध्ये अमेरिकेच्या जोन बेनॉइटचा गुडघा सरावात धरला. ऑलिंपिक निवड मॅरेथॉनच्या फक्त 17 दिवस आधी शस्त्रक्रिया झाली. पाय वापरता येत नव्हता तेव्हा तिने व्यायामाच्या सायकलचं पेडल हातांनी मारून दम टिकवला. निवड स्पर्धा तिने जिंकलीच, पण त्याच वर्षी महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली.

आपल्याकडचं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. गुडघ्याचं नव्हे, त्याहून कितीतरी गंभीर. सांगली जिल्ह्यातला हा लष्करातला बॉक्सर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्याने पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. जे चालतं ते चालू ठेवायचं, हे तत्त्व इथेही तेच.

म्हणजे गुडघा दुखत असताना धावायचं का? अजिबात नाही. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा पाय टेकता येत नसेल, तर आधी डॉक्टर. दुखापत नेमकी काय आहे ते कळलं की पुढचा प्रश्न त्यांनाच विचारा: "मला काय करता येईल?" "काय करू नको" एवढ्यावर उठू नका. सायकल, पोहणं, बसून मांडी आवळण्याचे व्यायाम, यातलं काय आणि केव्हा, हे ते सांगतील.

आणि भरतीवाल्यांनो, हिशोब बघा. पुरुषांच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 1600 मीटरला 20 गुण आहेत, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीलाही 15. धावणं बंद आहे त्या काळात खांदे आणि हात तर मोकळे आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली तर बसून करायचे दंड-खांद्यांचे व्यायाम आजपासून सुरू करता येतील, आणि लेखी परीक्षेच्या अभ्यासाला तर गुडघा लागतच नाही.