शेवटच्या रोख्याच्या मागे

मंडळी, या वीकेंडचा विषय कर्ज. पण ईएमआय कॅल्क्युलेटर नंतर, आधी थोडं १८७५ मध्ये जाऊ.

१२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्हा. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद! कर्जरोखे, खतं, चोपड्या बाहेर काढून जाळल्या. माणसांना इजा त्या मानाने फारच कमी झाली. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आता प्रश्न असा, की राग कागदावर का?

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे इथल्या कापसाचे भाव चढले आणि सावकार सढळ हाताने उधार देऊ लागले. (अप्रैझल झालं की कार्डाची लिमिट वाढते ना, तसंच!) युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. सावकारांनी हात आखडला, कर्ज मात्र राहिलं.

खरी गंमत पुढे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचं बंधन घातलं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल होऊन बसायचं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही हा दामदुपटीचा जुना नियम होता, पण नव्या रोख्याबरोबर त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर!

एक्सेल उघडून बघा. शंभर रुपये, समजा २४ टक्के दर, एक पैसाही फेडला नाही. सरळ व्याजाने नऊ वर्षांनी ३१६ रुपये. दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर १७२, मग २९६, मग ५०९. दर तोच, फक्त कागद तीनदा बदलला.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. लग्नकार्यात पैसे उधळतात म्हणून शेतकरी बुडतो, असं तेव्हाही सर्रास बोललं जायचं. आयोगाचा निष्कर्ष असा, की लग्नाच्या खर्चाला फाजील महत्त्व दिलं गेलंय. कर्जाची सुरुवात क्वचितच तिथून होते. पोटापाण्याला, बियाण्याला, बैलाला, साऱ्याला घेतलेल्या रकमा साचत जातात.

मला हा सगळ्यात कामाचा भाग वाटतो. आपल्याकडेही कुणी कर्जात अडकला की लोक लगेच त्याचा आयफोन आणि गोव्याची ट्रिप मोजतात. एका मित्राचा हिशोब आम्ही बसून मांडला, तेव्हा दिसलं ते वेगळंच. किराणा, शाळेची फी, वडिलांची औषधं. दरमहा फक्त मिनिमम ड्यू भरलेला, मग एका कार्डाची बाकी दुसऱ्यावर, ती फेडायला पर्सनल लोन. प्रत्येक वेळी नवा रोखा! मूळ उधारी किती होती, ते त्यालाही सांगता येईना.

१८७९ च्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टने नेमकं इथे बोट ठेवलं. कोर्टाने शेवटच्या रोख्यावर थांबायचं नाही. मागे मागे जायचं, पहिल्या व्यवहारापासून हिशोब मांडायचा, मुद्दल झालेलं व्याज वेगळं काढायचं. शेतकऱ्याला पावती आणि वर्षाचा हिशोब मागायचा हक्क मिळाला. सगळं सुटलं नाही अर्थात. सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले.

असो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, आणि व्याजावर व्याज धरलं तर ५१. यावर दामदुपट वाचवायला येणार नाही. पण ते कोर्टाचं काम आपण घरी करू शकतो. प्रत्येक कर्जाचे तीन कॉलम करायचे: हातात खरंच किती आले, आजवर किती भरले, अजून किती मागतायत. ज्यात पहिल्या आणि तिसऱ्या कॉलमचं गणित सगळ्यात बिघडलंय, ते आधी फेडायचं. आणि नवा रोखा कितीही गोड बोलून पुढे केला, तरी सही करण्याआधी विचारायचं, यात जुनं व्याज किती?

सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले. आपल्याला निदान ते वाचता येतात :-)