हाजीर मजालस

शिरूरहून चौफुल्याकडे जाताना वाटेत न्हावरे लागतं. घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. २०२० च्या टाळेबंदीत अशा असंख्य गावांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतली पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली. जिथे रेंज मिळेल तो कोपरा त्यांचं ऑफिस झाला. त्या दिवसांत एक गोष्ट बरी होती. सगळेच आपापल्या घरी, त्यामुळे साहेबाचा चौकोन आणि नवख्याचा चौकोन स्क्रीनवर सारख्याच मापाचा.

अडचण नंतर सुरू झाली. काही जण ऑफिसात परतले, काही गावीच राहिले. आता काचेच्या खोलीत आठ जण लांब टेबलाभोवती बसतात आणि गावाकडचा एक जण भिंतीवरच्या टीव्हीत असतो. टेबलाच्या टोकाचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. हशा कशावर पिकला ते कळत नाही. तो माइक चालू करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मीटिंग संपली की टीव्ही बंद होतो आणि खरा निर्णय चहाच्या टपरीवर होतो. आता सांगा, तो मीटिंगला हजर होता की नव्हता?

हा प्रश्न आपल्याकडे झूम येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, वारशाचा, शिवेचा तंटा गोतसभेपुढे यायचा. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे. निवाड्याचा जो कागद व्हायचा त्याला महजर म्हणत. त्यात सभेला कोण कोण बसलं होतं त्यांची नावं लिहीत. या यादीला नाव होतं ‘हाजीर मजालस’. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी करत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्या कागदावर स्वतःची जागा होती. उद्या कुणी विचारलं, ‘हे ठरलं तेव्हा कोण होतं?’, तर उत्तर कागदावरच होतं.

पण चावडीचं कौतुक इथेच आवरतं घ्यायला हवं. शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष मोलाची मानत, कारण हद्दीची राखण त्याच्याकडे असे. त्याच माणसाला इतरांच्या बरोबरीने चावडीत बसता येत नसे. त्याने लांब राहून सांगायचं. त्याचं म्हणणं हवं होतं, तो शेजारी नको होता. आणि बायका तर बहुतेक वेळा यादीतच नसत. टीव्हीतल्या मुलाची अडचण आणि हा अन्याय एका तागडीत तोलता येणार नाही. पण बसायची जागा कुणाला आणि कुठे, यावरून कुणाच्या शब्दाला किती वजन ते ठरतं, हे चावडी आपल्याला स्पष्ट दाखवते.

‘हजर’ म्हणजे काय, हे पुढे सर्वोच्च न्यायालयालाही ठरवावं लागलं. मुंबईतल्या एका खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. २००३ मध्ये ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घ्यायला मान्यता दिली. हजेरीसाठी माणूस देहानेच समोर असायला हवा असं नाही, हे मान्य झालं. फरक एवढाच की कोर्टात साक्षीदार बोलतो तेव्हा सगळे त्याचंच ऐकत असतात. मीटिंग रूममध्ये ती शिस्त नसते.

ती उणीव खोलीच्या मांडणीने भरून काढायचा प्रयत्नही झाला. २००६ मध्ये सिस्को कंपनीने ‘टेलिप्रेझेन्स’ खोली आणली. इकडे अर्धं टेबल, समोर ३ मोठे पडदे आणि पडद्यावर पलीकडच्या खोलीतलं उरलेलं अर्धं टेबल. भिंतींचा रंग सारखा, माणसं खऱ्या मापाची. दोन शहरांतले लोक एकाच टेबलाशी बसल्यासारखे वाटत. पण एका खोलीची किंमत जवळजवळ ३ लाख डॉलर. शिवाय ती खोलीला खोली जोडत होती. घरी एकट्या बसलेल्या माणसाचा विचार त्यात नव्हता.

बिनखर्चाचा एक धडा मात्र आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ग्रामसभेआधी गावातल्या महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी महाराष्ट्रात तरतूद आहे. भरसभेत ज्यांचा आवाज दबतो, त्यांचं आधी ऐकायचं, मग ते मोठ्या सभेपुढे ठेवायचं. ती सगळीकडे मनापासून पाळली जाते असं नाही, पण विचार नेमका आहे. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, बोलायचा क्रमही बदलावा लागतो.

मीटिंग रूम बांधणाऱ्यांनी एवढं घेतलं तरी पुरे. टेबल अर्धगोल करा, म्हणजे सगळ्यांची तोंडं पडद्याकडे राहतील. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. माइक टेबलाच्या दोन्ही टोकांना पोचू द्या. काचेच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे जाड पडदे आणि गालिचा लावा. पहिलं बोलणं बाहेरून जोडलेल्याचं असू द्या. आणि शेवटी काय ठरलं ते मोठ्याने वाचून दाखवा, त्याचा होकार घेऊन मगच लिहा. टपरीवर काही बदललं, तर तेही त्याला कळवा.

महजरावर नांगर काढणाऱ्याला हाच हक्क मिळाला होता. न्हावऱ्यातून जोडल्या गेलेल्या मुलाला वायफायइतकीच त्याचीही गरज आहे.