चर्चची वर्गणी घटली, तर कात्री आधी कुठे लागते?

जर्मनीत चर्चच्या सदस्यांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका 'चर्च कर' घेतला जातो आणि तो सहसा सरकारच वसूल करून देतं. अमेरिकेत असा कर नाही. तिथली चर्च मुख्यतः सदस्यांच्या देणग्यांवर चालतात. त्यामुळे सदस्य घटले की प्रश्न थेट पगारांवर येतो.

निर्णय कोण घेतं?

कॉन्ग्रिगेशनल परंपरेत वर बिशप नसतो, स्थानिक मंडळीच सर्वोच्च असते. न्यू इंग्लंडमधल्या १६४८ च्या 'केंब्रिज प्लॅटफॉर्म'ने ही पद्धत लेखी मांडली. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरीही याच परंपरेतले. अशा चर्चमध्ये साधारणपणे कार्यकारी मंडळ बजेट मांडतं आणि सभासद वार्षिक सभेत मत देतात. आपल्या हाऊसिंग सोसायटीच्या सभेसारखंच!

पैसा जातो कुठे?

सहसा सर्वात मोठा खर्च पगारांचा असतो: पाळक, संगीत प्रमुख, मुलांच्या वर्गांचे प्रमुख, ऑफिस आणि साफसफाई. त्यानंतर इमारत. विमा, हीटिंग आणि छताची दुरुस्ती टाळता येत नाही. ठरावीक कामासाठी मिळालेली देणगी पगाराकडे वळवता येत नाही.

मग पर्याय काय?

- पगारवाढ थांबवणं
- रिकामी जागा न भरणं
- कामाचे तास कमी करणं
- सभागृह भाड्याने देणं
- एखादं काम स्वयंसेवकांकडे सोपवणं

प्रत्येक पर्यायाची किंमत आहे. अमेरिकेत आरोग्य विमा बऱ्याचदा नोकरीशी जोडलेला असतो. तास कमी झाले, तर पगारासोबत विमाही जाऊ शकतो. स्वयंसेवक कालांतराने थकतात.

खरा पेच

मुलांचे वर्ग बंद केले, तर तरुण कुटुंबं दुसरीकडे जातात आणि पुढच्या वर्षीची वर्गणी आणखी घटते. गरजूंसाठीचं धान्यवाटप थांबवलं, तर चर्च नेमकं कशासाठी, हा प्रश्न उरतो. शिवाय ज्याचा पगार कापायचा, तो माणूस दर रविवारी समोर दिसतो.

म्हणून आधी एक गोष्ट तपासावी लागते: तूट एका वर्षाची आहे की दरवर्षीची? एका वर्षाची असेल, तर राखीव निधी कामी येतो. दरवर्षीची असेल, तर तो निधी फक्त निर्णय पुढे ढकलतो. तोवर निधीही संपतो आणि कर्मचाऱ्याला नवी नोकरी शोधायला वेळही उरत नाही.