यीस्टच्या लेकीला पाठवलेली चिठ्ठी

आरएनएला धरणारी प्रथिने काय करतात, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टची पेशी मधोमध दुभंगत नाही, तिला कळी फुटते. ही कळी म्हणजे लेक. ‘ए’ आणि ‘अल्फा’ हे यीस्टचे दोन जोडप्रकार (नर-मादी म्हणण्याचा मोह टाळावा). रानातल्या यीस्टमध्ये आई स्वतःचा प्रकार बदलू शकते. नव्या लेकीला ते जमत नाही.

याचे कारण अ‍ॅश-१ हे प्रथिन. प्रकार बदलण्यासाठी लागणारे ‘एचओ’ जनुक ते लेकीच्या केंद्रकात बंद ठेवते. पण फक्त लेकीतच का? १९९७ साली उलगडा झाला : अ‍ॅश-१चा संदेशवाहक आरएनएच कळीच्या टोकाशी वाहून नेला जातो. शी-२ हे प्रथिन आरएनएची ठरावीक वळणे ओळखून त्याला धरते, शी-३ त्याला मायो-४ या मोटर प्रथिनाशी जोडते, आणि मोटर अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून ते ओझे ओढत नेते. हमालच म्हणा.

वाटेत मात्र ही आरएनएची चिठ्ठी फुटता कामा नये. म्हणून पफ-६ आणि केएचडी-१ ही प्रथिने तिचे वाचन रोखून धरतात. टोकाशी पोचल्यावर तिथली विकरे त्यांना फॉस्फेट चिकटवतात, पकड ढिली होते आणि अ‍ॅश-१ तयार होऊ लागते.

पफ-६शी नाव जुळणारे पफ-३ हे प्रथिन मात्र वेगळे; ते मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांचे संदेश धरते.