पेठचा कामठा आणि वळविलेलें टोंक

देवादिकांच्या चित्रांत धनुष्याचीं दोन्ही टोंकें पुढें वळलेलीं दिसतात. नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्या घरीं जो बांबूचा कामठा असे, त्याचीं टोंकें मात्र सरळ. यावरून डोंगरी माणसास सुधारलेलें धनुष्य करतां आलें नाहीं, असें कित्येक सुशिक्षित म्हणतात. तें मला मान्य नाहीं.

टोंक वळविण्यांत लाभ आहे खरा. चढविलेल्या धनुष्याची दोरी वळलेल्या टोंकावर टेकून बसते. ओढ वाढतां वाढतां ती तेथून उचलली जाते आणि टोंक तरफेचें काम करतें. त्यामुळें आरंभीं ओढ जड लागते, शेवटीं तितकी वाढत नाहीं, आणि आंखूड धनुष्यांतही पुष्कळ जोर सांठतो. घोडेस्वारास हेंच हवें असतें.

पण त्यासाठीं खटपट किती! सरळ धाग्याचें, बिनगांठीचें लांकूड निवडावें, टोंक पातळ तासावें, मग वाफेवर धरावें. इंचभर जाडीस सुमारें तासभर वाफ लागते. वाफेवरून काढतांच विलंब न लावतां सांच्यावर दाबून बांधावें. बाहेरच्या अंगास पट्टीचा आधार नसेल तर धागे उचकटतात. पुरतें सुकेपर्यंत बंध सोडूं नये. बांबू तर नुसता जाळावर शेकला तरी वांकतो. लाठ्या सरळ करणारे नित्य हेंच करीत आले, तेव्हां ही विद्या रानांत अपरिचित होती असें नाहीं.

अडचण पावसाची. ओलाव्यानें वळविलेलें टोंक पुन्हां सरळ होऊं पाहतें. शिंग, लांकूड आणि स्नायु सरसानें जोडून केलेलें कमानगराचें मौल्यवान धनुष्य तर ओलसर हवेंत सरस सैल पडून निकामी होतें. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसांत टिकावयाचा तो सरळ कामठाच. त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. तुटली तर दुसरी रानांतच हातास येते. ही दोरी नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ताड, बांबू, लांकूड व शिंग अशीं चार प्रकारचीं धनुष्यें सांगितलीं आहेत आणि दोरीच्या द्रव्यांत वेणु, म्हणजे बांबूही, गणला आहे.

पेठ हें एके काळीं लहानसें संस्थान होतें. डिसेंबर १८५७ मध्यें तेथें उठाव होऊन हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि राजघराण्यांतील भगवंतरावांस इंग्रजांनीं फांशी दिलें. पुढें १८७८ सालीं बेगम नूरजहान वारल्या व संस्थान खालसा झालें. त्याच वर्षीं हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा झाला. त्यांतील हत्यारांच्या व्याख्येंत बंदुका, तरवारी, भाले आणि तोफा यांच्या पंक्तीस धनुष्यबाणही बसविलेले होते. टोंक वळलेलें कीं सरळ, हा भेद त्या व्याख्येंत केलेला नव्हता.