बाई बेपत्ता होत नाही : खोडा, काडीमोड आणि आपल्या घरातला मनू

दुधनीत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कुठल्याही गावात दोन लेकरांची आई एके सकाळी घरात दिसली नाही, तर दुपारपर्यंत तिच्यासाठी चार शब्द तयार असतात. शेजारी म्हणतात, पळून गेली. सासू म्हणते, ती नांदणारी नव्हतीच. भावकी म्हणते, डोक्यावर परिणाम झाला होता. नवरा ठाण्यात गेलाच, तर तिथल्या कागदावर ‘बेपत्ता’ असे लिहिले जाते. चारही ठिकाणी कर्ता तीच. ज्याच्या घरातून ती गेली, त्याचा उल्लेख एकाही शब्दात नाही. तिच्या जाण्याआधीची दहा-बारा वर्षे कुणी विचारतही नाही. पैसे कुणाच्या हातात होते, माहेरी किती वर्षांत गेली नव्हती, फोन कोण तपासत होते, दारात उभी राहिली म्हणून मार कुणी दिला, यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. बाई बेपत्ता होते ती तिला धाकात ठेवण्याच्या लांब इतिहासाच्या शेवटी. हा इतिहास आपल्या वस्तीचाही आहे, आणि तो आपल्याच आयांनी लिहून ठेवला आहे. आपण तो मनुवाद्यांविरुद्ध पुरावा म्हणून वाचतो. आपल्या घराविरुद्धचा पुरावा म्हणून वाचायची वेळ आली की पाने उलटतो.

आकडे एकदा सांगून टाकू. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १८ वर्षांवरील १,७८,४०० स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यातल्या कितीतरी पुढे सापडतात, परततात. पण ‘सापडली’ हा शेरा तिच्या नावापुढे पडला की चौकशी संपते. ती कशातून निघाली होती, आणि पुन्हा कशात नेऊन सोडली, हा प्रश्न उरतो.

आता खोड्याकडे येऊ. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटण भागातल्या महारवाड्याचे ते चित्रण. त्यात आठ-नऊ वर्षांच्या सुना आहेत. पहाटे उठून दळण, पाणी, भाकरी. भाकरी बिघडली की मार. रात्री सासूचा पहारा. एखादी पोर जाच सहन न होऊन रात्रीतून माहेरची वाट धरायची. तिला बाप, भाऊ, सासरा यांपैकी कुणीतरी फरफटत परत आणायचे, आणि मग सुताराकडून लाकडाचा ओंडका करून घेऊन तो तिच्या पायात अडकवायचे. पाय निघू नये म्हणून वरून लोखंडी खीळ. हा खोडा ओढत, घोटा रक्तबंबाळ झालेला असताना, तिने घरातले सगळे काम करायचे. बेबीताई नाक कापलेल्या बायांबद्दलही लिहितात. संशय आला एवढे कारण पुरे असायचे.

गावकुसाबाहेर ज्या पुरुषाला माणूस म्हणून उभे राहू दिले जात नव्हते, तो घरात आल्यावर हे करत होता. बेबीताईंनी त्याचे कारणही सांगितले आहे: बाहेर गुलाम, म्हणून घरात गुलाम हवा. पण कारण सांगितले म्हणून त्यांनी माफी दिलेली नाही. हा फरक आपल्या वक्त्यांच्या लक्षात येत नाही.

इंग्लंडने २०१५ साली घरातल्या माणसाला सतत नियंत्रणात ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा केला. रोजची मारहाण नसतानाही पैसा, हालचाल, भेटीगाठी, कपडे, झोप यांवर ताबा ठेवून माणसाला कैदी करता येते, हे तिथल्या कायद्याने मान्य केले. तिकडच्या अभ्यासकांनी त्याला मोठे नाव दिले. आपल्याकडे त्याचे नाव खोडा होते, आणि तो सुताराकडे मिळत होता. आज लाकूड गेले. पगार नवऱ्याच्या खात्यात, आधार कार्ड सासूच्या पेटीत, मोबाइलला नवऱ्याच्या बोटाचे कुलूप. खोड्याचे काम चालूच आहे.

इथे काही मित्र एक मुद्दा मांडतील, आणि तो खरा आहे. बायकोला जन्माची बांधून ठेवणे ही ब्राह्मणी रीत. बहुजनांत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, पाट होता. दुधनीच्या पट्ट्यात, जिथे घरात कन्नड आणि बाजारात मराठी चालते, तिथे पुन्हा लग्न करण्याला उडकी म्हणत. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या चर्चेत १९४९ साली नेमका हाच मुद्दा विरोधकांच्या तोंडावर फेकला होता. ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता त्यांच्यात घटस्फोटाची रूढी आहेच, आणि हिंदूंमध्ये तेच बहुसंख्य आहेत. मग मूठभर वरच्या जातींची रीत सगळ्यांवर धर्म म्हणून का लादता? या प्रश्नाला सभागृहात धड उत्तर मिळाले नाही. बिल लोंबकळत ठेवले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्याआधी मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला होता, त्यामुळे सोलापूरच्या बाईला देशातल्या बहुतेक बायांच्या आधी कोर्टाचे दार उघडले होते. किती जणी त्या दारापर्यंत पोचू शकल्या असतील, ते वेगळे.

पण रूढीतल्या काडीमोडाची आरती ओवाळू नये. काडी मोडायची कुणासमोर? जातपंचायतीसमोर. पंचायतीत बसायचे कोण? पुरुष. नवऱ्याने लग्नात घातलेला पैसा परत कुणी द्यायचा यावरच अर्धी बैठक जायची, आणि लेकरे बापाच्या वंशाची म्हणून बापाकडे. बाईला सुटका मिळे, पण ती दोन घरांतल्या पुरुषांचा हिशेब जुळल्यावर. खोडा आणि काडीमोड एकाच वस्तीत, एकाच काळात होते. एक सांगायचे आणि दुसरे लपवायचे, असा इतिहास आपण लिहू नये.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. शिकलो, नोकरीला लागलो, पक्की घरे बांधली, आणि त्या घरात सवर्णांची अब्रू आणून बसवली. आज आपल्यातही सोडून आलेली मुलगी बापाला खाली मान घालायला लावते. आज्जीच्या काळात पाट लागला असता. नातीला मात्र ‘अॅडजस्ट कर’ म्हणून परत पाठवतात. बुद्धवंदना म्हणून लावलेल्या लग्नात हा संस्कार कुठून शिरला, हे ज्याचे त्याने तपासावे.

कायद्याने बाईला परत पाठवण्याची गोष्ट रखमाबाईंपासून सुरू होते. त्या सुतार समाजाच्या. अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या, शिकल्या. आईने पुनर्विवाह केलेला, समाजाला तो मान्य. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको ताब्यात द्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. नांदायला लावण्याची ही सक्ती हिंदू शास्त्रातून नव्हे, इंग्लंडच्या कायद्यातून आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे कळवले. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला आयुष्यभर बायांवर उपचार करत राहिल्या.

इंग्लंडने हा दावा १९७० साली रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो जिवंत आहे. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वाचवले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे २२ प्रतिज्ञा घेतलेला नवराही दादाजीचा दावा लावू शकतो, आणि लावणारे आहेत.

मग आईकडे दुसरे काय आहे? १९८३ पासून कलम ४९८-अ होते, आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झाले. त्यात क्रूरतेची व्याख्या आत्महत्येकडे ढकलणे, जिवाला किंवा मनाला गंभीर इजा, पैशासाठी छळ अशी जाते. रोजचा पहारा, मोजून दिलेले पैसे त्यात बसवताना वकिलाची दमछाक होते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा जास्त उपयोगी आहे. त्यात भावनिक आणि आर्थिक छळ हिंसा म्हणून लिहिला आहे, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क आहे. दुधनीसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण असते. रेल्वेने थोडे पुढे गेले की गाणगापूर रोड, आणि राज्य बदलते. कितीतरी सुनांची माहेरे आळंद, अफझलपूर, इंडी तालुक्यांत आहेत. मारलेली बाई तिकडे पोचली की तिला सांगतात, गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडे जा. हे चूक आहे. रूपाली देवी खटल्यात सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले आहे की सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला गेली, तिथेही छळाची तक्रार चालते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही ती तात्पुरती राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे पाठ असले पाहिजे. आणि सज्ञान बाई पोलिसांना सापडली, तर कुठे राहायचे हे ती ठरवते. तिला नवऱ्याच्या हवाली करणे हे पोलिसांचे काम नाही; तिला गाडीत घालून परत आणणे हे कार्यकर्त्याचे तर नाहीच.

या सगळ्यात लेकरू हा सगळ्यात मजबूत खोडा. आई मूल घेऊन निघाली तर मूल पळवले, ठेवून निघाली तर आई आहे की कोण. १९५६ च्या पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिले नाव बापाचे, त्यानंतर आईचे. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे असावे, एवढी सोय. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टाने आईचे पालकत्व थोडे रुंद केले. पण घरात कायद्याचे पुस्तक उघडत नाही. ‘जायचे तर जा, पोरं इथेच राहतील,’ एवढे वाक्य पुरते. म्हणून आया वर्षानुवर्षे थांबतात. ज्या दिवशी निघतात त्या दिवशी एकट्या निघतात, आणि त्यावरूनच त्यांना दोषी ठरवले जाते.

शांताबाई कांबळे आपल्याच जिल्ह्यातल्या, सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. दलित समाजातून आलेल्या जिल्ह्यातल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एक. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मध्ये नवऱ्याने दुसरे लग्न केल्याचे आणि आपण माहेरची वाट धरल्याचे त्यांनी लिहिले आहे. शिकलेला, मास्तर असलेला नवरा. सोलापूर जिल्ह्यात शांताबाईंच्या नावाने कार्यक्रम होतात तेव्हा त्यांच्या शिक्षणावर तासभर भाषण होते. त्या पानांवर किती वेळ बोलले जाते?

आम्हाला उत्तर माहीत आहे, आणि त्यामागची भीतीही समजते. आपल्या घरातली मारहाण बोलली की सवर्ण म्हणणार, बघा, यांच्यात असेच. आपल्या पोराला पोलिसांत दिले तर तिथे त्याची जात बघून काठी पडणार. दोन्ही भीती खोट्या नाहीत. पण त्यांची किंमत कोण मोजते? समाजाची बदनामी नको म्हणून गप्प बसवली जाते ती बाई. बाबासाहेबांनी ही सवलत कुणाला दिली नव्हती. २० जुलै १९४२ ला नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे आणि गुलाम व्हायला नकार द्यावा, असे त्यांनी हजारो बायांसमोर उघड सांगितले. बायांनी त्याच परिषदेत घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला. तेव्हाही बदनामी करणारे कमी नव्हते.

आणि बेबीताई. चळवळीच्या सभेसाठी नवऱ्याबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या होत्या. डब्यात गर्दी, काही पोरांनी त्यांच्याकडे पाहिले. नवऱ्याने संशयावरून तिथेच इतके मारले की नाकातून रक्त आले. हे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. ‘जिणं आमुचं’ त्यांनी किराणा दुकानात बसून, नवरा माल आणायला बाहेर गेला की लिहिले, आणि कुणाच्या हाती लागू नये म्हणून वह्या रद्दीखाली दडवून ठेवल्या. वीस वर्षे.