प्रयोगशाळा तंत्रज्ञ : प्रशिक्षण, पात्रता आणि सहीचा अधिकार

रुग्णावर कोणते उपचार करावयाचे याचा निर्णय डॉक्टर घेतात. परंतु तो निर्णय अनेकदा ज्या आकड्यांवर अवलंबून असतो, ते आकडे प्रयोगशाळेत तयार होतात. रक्त, लघवी, थुंकी आदी नमुने घेणे, त्यांची तपासणी करणे आणि आलेला निष्कर्ष विश्वासार्ह आहे की नाही हे पडताळणे ही जबाबदारी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञांची असते. बारावीनंतर या क्षेत्राकडे अनेक विद्यार्थी वळतात. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता आणि त्यातून मिळणाऱ्या अधिकारांची मर्यादा या दोन बाबींची माहिती करून घेणे आवश्यक आहे.

या क्षेत्रात येण्याचे प्रमुख मार्ग दोन आहेत. पहिला पदविकेचा असून तो ‘डीएमएलटी’ या नावाने परिचित आहे. दुसरा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदवीचा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण होणे ही दोन्हींसाठी सर्वसाधारण अट आहे. प्रवेशाचे नियम मात्र प्रत्येक राज्यात आणि विद्यापीठात वेगवेगळे आहेत.

संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केला. तोपर्यंत या व्यवसायाच्या शिक्षणावर देशपातळीवर एकच नियामक संस्था नव्हती. या कायद्यातील व्याख्येनुसार तंत्रज्ञाचा पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम किमान २ हजार तासांचा आणि दोन ते चार वर्षांत विभागलेला असावा लागतो, तर ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ या वर्गासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३ हजार ६०० तासांची पदवी अपेक्षित आहे. सहा महिन्यांत तंत्रज्ञ घडविण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती या व्याख्येशी ताडून पाहिल्या, तर विद्यार्थ्याचे पैसे आणि वर्ष दोन्ही वाचू शकतात. संस्थेला मान्यता कोणाची आहे आणि राज्य परिषदेत नोंदणी मिळेल काय, हे दोन प्रश्न लेखी उत्तर मागूनच विचारावेत.

प्रशिक्षणात जीवरसायनशास्त्र, रक्तशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रक्तपेढीशास्त्र आणि ऊतींची तपासणी हे विषय असतात. आज बहुतेक मोजमापे स्वयंचलित यंत्रे करतात, त्यामुळे बटण दाबता आले की झाले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात प्रयोगशाळेतील चुकांचा मोठा भाग यंत्रापर्यंत नमुना पोहोचण्यापूर्वीच घडलेला असतो. नावाची अदलाबदल, दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवणे, चुकीच्या नळीत रक्त घेणे, नमुना वेळेत न पोहोचणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

नळ्यांचेच उदाहरण घेता येईल. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रसायन असते. रक्तपेशींच्या गणनेसाठी ते योग्य आहे. परंतु रक्त कमी पडले म्हणून त्याच नळीतील थोडे रक्त दुसऱ्या नळीत ओतले, तर रसायनातील पोटॅशियम मोजणीत मिसळते आणि कॅल्शियम मात्र त्या रसायनाशी बांधले जाते. अहवालात पोटॅशियम धोकादायक पातळीवर आणि कॅल्शियम अतिशय कमी दिसते. रुग्ण ठणठणीत असूनही त्याच्यावर हृदयाच्या लयीच्या भीतीने तातडीचे उपचार सुरू होऊ शकतात. यंत्र येथे चुकलेले नसते. त्याने दिलेले रक्त अचूक मोजलेले असते. असा आकडा पाहताच संशय घेऊन नवा नमुना मागविणे, हे प्रशिक्षणाचे खरे फळ. कोणत्या नळीनंतर कोणती भरावी याचा ठरलेला क्रमही याच कारणासाठी शिकविण्यात येतो. साखरेच्या तपासणीसाठी फ्लोराइडची वेगळी नळी वापरतात, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि तिचे प्रमाण तासागणिक घटत जाते.

सूक्ष्मदर्शकाचे कामही अद्याप संपलेले नाही. क्षयरोगाच्या तपासणीत थुंकीचा थर दिलेली काचपट्टी रंगवून निळ्या पार्श्वभूमीवर लाल जंतू शोधले जातात. एकही जंतू न आढळल्यास ‘नकारात्मक’ असे लिहिण्यापूर्वी १०० दृश्यक्षेत्रे पाहणे बंधनकारक आहे. दिवसाच्या अखेरीस, डोळे थकलेले असताना ही संख्या पूर्ण करणे कंटाळवाणे वाटते. पण विसाव्या क्षेत्राशी थांबलेला तंत्रज्ञ एका संसर्गजन्य रुग्णाला निर्धास्त घरी पाठवू शकतो. गोव्यात निर्मिती होणाऱ्या ट्रूनॅटसारख्या जनुकीय चाचण्यांचा वापर वाढला असला, तरी नमुना चांगला असावा ही अट त्यांनाही लागू आहे. संस्था निवडताना इमारतीपेक्षा तिच्या रुग्णालयात रोज किती नमुने येतात आणि विद्यार्थ्याला स्वतः किती काचपट्ट्या पाहावयास मिळतात, याची चौकशी अधिक उपयुक्त ठरते.

हे काम जोखमीचेही आहे. हिपॅटायटिस ‘बी’ प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रा प्रात्यक्षिके सुरू होण्यापूर्वीच घेणे हिताचे असते. वापरलेली सुई टोचल्यास तात्काळ कळवावे लागते, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावयाची असतात.

अधिकाराचा प्रश्न मात्र अनेकांना शिक्षण संपल्यावरच कळतो. पदविका मिळाली म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा काढून अहवालावर सही करता येईल, या समजुतीने गावोगावी लहान प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. याविषयी गुजरात उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी कायम केला. त्यानुसार अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही आवश्यक ठरली. तंत्रज्ञांच्या संघटनांना यात उपजीविकेवर घाला दिसला, तर विकृतिशास्त्रज्ञांच्या मते निष्कर्षाचा अर्थ लावणे हे वैद्यकीय काम आहे. ज्या तालुक्यांत विकृतिशास्त्रज्ञ नाहीत, तेथील रुग्णांची अडचण या वादात बाजूला पडली, हेही खरे.

नोकरीसाठी सरकारी व खासगी रुग्णालये, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातील तपासणी केंद्रे आणि रक्त केंद्रे असे पर्याय उपलब्ध आहेत. रक्त केंद्रातील तंत्रज्ञपदासाठी औषध नियमावलीनुसार पदवीधरास रक्त तपासणीचा सहा महिन्यांचा, तर पदविकाधारकास एक वर्षाचा अनुभव लागतो. दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करण्यात येते.